टिंबीचा दाणा फ्रिजच्या फटीत

एका स्वयंपाकघरात एक मुंगी राहायची. काळी, ठिपक्याएवढी. तिचं नाव टिंबी.

टिंबीचं बीळ होतं खिडकीखाली. बिळात होती बारा पिल्लं. पिल्लं सकाळपासून उपाशी. "मावशी, खाऊ! मावशी, खाऊ!" सगळा वेळ तेच.

टिंबी गेली ओट्यावर. तुरु तुरु, तुरु तुरु. ओट्यावर मिळाला शेंगदाणा. भाजलेला, खमंग! दाणा मोठा, टिंबी छोटी. मग ती दाणा ओढत निघाली. मागे मागे, मागे मागे. मुंग्या जड ओझं असंच नेतात. तोंड इकडे, जायचं तिकडे. मागचं कुठलं दिसायला!

ओट्याशेजारी होता फ्रिज. नवा कोरा. कालच आलेला. या बाजूला फट, त्या बाजूला फट. सकाळीच एका फटीत चमचा पडला. मग लसूण पडला. मग बटाटासुद्धा पडला.

आणि आता? टिंबीचा दाणा पडला. टप्!

टिंबी ओट्यावरून खाली धावली. तुरु तुरु, तुरु तुरु. ओटा केवढा उंच! खाली पोचेपर्यंत काय झालं? ठक ठक ठक! फट बंद!

घरात गणूमिस्त्री आले होते. सुतारकाम करणारे. त्यांनी फटीवर लाकडी पट्टी बसवली. या बाजूला पट्टी, त्या बाजूला पट्टी. वर पट्टी, खाली पट्टी. फ्रिज कसा दिसू लागला? भिंतीतच उगवल्यासारखा! मुंगी शिरायलाही जागा उरली नाही. खरंच नाही. टिंबीनं चारही कोपरे बघितले.

दाणा आत. टिंबी बाहेर. टिंबीला रडूच आलं. पण रडून पिल्लांचं पोट भरतं का? तिनं डोळे पुसले आणि ती पट्टीकडे गेली.

"पट्टीबाई, पट्टीबाई, सरक ना!
दाणा निघत नाही,
बारा पिल्लं उपाशी!"

पट्टी म्हणाली, "मी कशी सरकू? मला स्क्रूनं धरलंय घट्ट. आधी स्क्रू सुटू दे, मग मी सरकेन."

टिंबी पट्टीवर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली स्क्रूकडे.

"स्क्रूदादा, स्क्रूदादा, सूट ना!
पट्टी सरकत नाही,
दाणा निघत नाही,
बारा पिल्लं उपाशी!"

स्क्रू म्हणाला, "मी आपोआप सुटत नसतो. मला डिसमिसनं फिरवावं लागतं. आधी डिसमिस फिरू दे, मग मी सुटेन."

डिसमिस होता मिस्त्रींच्या पेटीत. लांब दांडा, पिवळी मूठ. स्क्रू फिरवायचे, एवढंच त्याचं काम. टिंबी पेटीपाशी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"डिसमिसराव, डिसमिसराव, फिरा ना!
स्क्रू सुटत नाही,
पट्टी सरकत नाही,
दाणा निघत नाही,
बारा पिल्लं उपाशी!"

डिसमिस म्हणाला, "मला हात आहेत का? पाय आहेत का? आधी मिस्त्री ऐकू देत, मग मी फिरेन."

गणूमिस्त्री चहा पीत होते. फुर्र फुर्र. बशीतून. टिंबी त्यांच्या चपलेवर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, ऐका ना!
डिसमिस फिरत नाही,
स्क्रू सुटत नाही,
पट्टी सरकत नाही,
दाणा निघत नाही,
बारा पिल्लं उपाशी!"

मिस्त्री म्हणाले, "पट्टी काढू? माझी? अगं, काय फिट्ट बसलीय बघ! माप म्हणजे माप! गणूमिस्त्रीच्या कामात फट राहत नाही. ताईंनी सांगितलं लाव, मी लावली. आधी ताई सांगू देत, मग मी ऐकेन."

आणि पुन्हा चहा. फुर्र फुर्र.

ताई म्हणजे वृंदाताई. घर त्यांचं, फ्रिज त्यांचा. त्या लांब उभं राहून फ्रिजकडे बघत होत्या. मग जवळून बघत होत्या. मग पुन्हा लांबून. टिंबी त्यांच्यापाशी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"ताई, ताई, सांगा ना!
मिस्त्री ऐकत नाहीत,
डिसमिस फिरत नाही,
स्क्रू सुटत नाही,
पट्टी सरकत नाही,
दाणा निघत नाही,
बारा पिल्लं उपाशी!"

ताई म्हणाल्या, "पट्टी काढायची? छे गं बाई! आत्ता कुठे स्वयंपाकघर छान दिसतंय. शेजारच्या काकूंना अजून दाखवलंसुद्धा नाही! फ्रिजची काही तक्रार आहे का? आधी फ्रिज बोलू दे, मग मी सांगेन."

टिंबी गेली फ्रिजकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. फ्रिज आवाज करत होता. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"फ्रिजभाऊ, फ्रिजभाऊ, बोल ना!
ताई सांगत नाहीत,
मिस्त्री ऐकत नाहीत,
डिसमिस फिरत नाही,
स्क्रू सुटत नाही,
पट्टी सरकत नाही,
दाणा निघत नाही,
बारा पिल्लं उपाशी!"

फ्रिज हळूच म्हणाला, "टिंबी, मला फार उकडतंय गं. पाठीला वाराच लागत नाही. पण मी कालच आलो या घरी. लगेच तक्रार केली तर बरं दिसतं का? आधी कुल्फी गळू दे, मग मी बोलेन."

बघा! पाठ तापली, पण तोंड उघडेना. नवा पाहुणा असाच असतो.

कुल्फी होती फ्रिजच्या आत. ताईंनी पहाटेच साच्यात ओतलेली. टिंबी दारापाशी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु. आणि बाहेरूनच ओरडली.

"कुल्फीबाई, कुल्फीबाई, गळ ना!
फ्रिज बोलत नाही,
ताई सांगत नाहीत,
मिस्त्री ऐकत नाहीत,
डिसमिस फिरत नाही,
स्क्रू सुटत नाही,
पट्टी सरकत नाही,
दाणा निघत नाही,
बारा पिल्लं उपाशी!"

आतून आवाज आला, "अगं, मी घट्ट होत आले होते, पुन्हा पातळ झाले! इथे आता थंडच नाही. पण मी साच्यात, वर झाकण. कशी गळू? आधी मुक्ता मला मागू दे, मग मी गळेन."

मुक्ता म्हणजे वृंदाताईंची मुलगी. दोन वर्षांची. फरशीवर फतकल मारून बसली होती. वाटी आपटत होती. टण टण टण!

टिंबी आता दमली होती. पाय दुखत होते. घसा बसला होता. तरी ती गेली. तुरु… तुरु… तुरु… तुरु…

"मुक्ता, मुक्ता, माग ना!
कुल्फी गळत नाही,
फ्रिज बोलत नाही,
ताई सांगत नाहीत,
मिस्त्री ऐकत नाहीत,
डिसमिस फिरत नाही,
स्क्रू सुटत नाही,
पट्टी सरकत नाही,
दाणा निघत नाही,
बारा पिल्लं उपाशी!"

मुक्ता काय म्हणाली? "आधी" म्हणाली? "मग" म्हणाली? छे! दोन वर्षांच्या मुलीला कुठलं आधी आणि कुठलं मग? एवढ्या मोठ्या बोलण्यातलं तिला एकच कळलं.

"कुप्पी!"

मुक्ता उठली. थुडुक थुडुक चालत आईकडे गेली. आईची ओढणी ओढली. "आई, कुप्पी! आई, कुप्पी! आई, कुप्पीऽऽ!"

मग काय झालं?

मुक्तानं कुल्फी मागितली.
ताईंनी साचा काढला, झाकण उघडलं.
कुल्फी गळली. टप टप टप! मुक्ताच्या हातावर, मुक्ताच्या पोटावर, सगळ्या फरशीवर.

"भ्यांऽऽऽ!" मुक्तानं भोकाड पसरलं.

आता फ्रिजला राहवेना. फ्रिज बोलला, "ताई, माफ करा. मला फार उकडतंय हो! पाठीला वारा नाही. मी कुल्फी कशी गोठवू?"

ताईंनी फ्रिजला हात लावला. चटकन मागे घेतला. "अगंबाई! केवढा तापलाय!" मग ताईंनी सांगितलं, "अहो मिस्त्री, आधी ती पट्टी काढा!"

मिस्त्रींनी ऐकलं. बशी खाली ठेवली. फ्रिजला हात लावला, आणि कपाळाला हात लावला. "चुकलंच माझं! फ्रिजचं माप घेतलं, फटीचं माप घेतलं. वाऱ्याला जागा ठेवायची राहूनच गेली!"

डिसमिस फिरला. गर गर गर!
स्क्रू सुटला. टुणकन्!
पट्टी सरकली. सर्र!
वारा आत शिरला. फ्रिज म्हणाला, "हुश्श!"

आणि टिंबी? टिंबी वाऱ्याच्याही आधी आत शिरली. चमच्याला वळसा घातला. लसणाला वळसा घातला. बटाटा तर डोंगराएवढा, तो चढली आणि उतरली. पलीकडे होता तिचा दाणा. अख्खा, खमंग!

टिंबी दाणा ओढत बाहेर आली. मागे मागे, मागे मागे.

तोच ताईंनी झाडू उचलला. "शी! किती हा कचरा!"

मुक्ताचं रडणं थांबलं. ती झाडूसमोर जाऊन उभी राहिली. चिकट हात पसरून. "नाही! मुंगीचा!"

ताई थांबल्या. मिस्त्री थांबले. झाडूही थांबला. टिंबी पुढे, नाही नाही, मागे मागे, अशी सगळ्यांच्या समोरून गेली. मुंगीला वेळ लागतो. सगळ्यांनी तेवढा वेळ दिला.

मग मिस्त्रींनी पट्टी पुन्हा लावली. खाली जाळी बसवली, वर दोन बोटं जागा सोडली. फ्रिजला मोकळा वारा लागला. कुल्फी गेली पुन्हा फ्रिजमध्ये, आणि मुक्ता गेली आंघोळीला.

आणि खिडकीखालच्या बिळात? "आला! आला! खाऊ आला!" बारा पिल्लं, बारा तोंडं. कुडुम कुडुम, कुडुम कुडुम!

मोजा बरं. बारा पिल्लांचे बारा घास झाले.

दाणा अजून उरला होता. एवढासा. पिल्लांनी तो खाल्ला नाही. सगळ्यांनी मिळून तो टिंबीपुढे ढकलला. "मावशी, हा तुझा."

तेरावा घास टिंबीचा. कुडुम!

दाणा गेला पोटात,
गोष्ट आली ओठात.