आसन घालणारा बेडूक

एका मठातल्या शिष्याने एकदा बेडूक पाळला. हसू नका, लोक काय काय पाळतात. एका व्यापाऱ्याने परदेशातून आणलेला तो जीव कौतुकाने त्याच्या हवाली केला होता. अंगठ्याएवढा, हिरव्या पाठीवर काळे ठिपके, आणि पोट भडक लाल. हा बेडूक निम्मा वेळ पाण्यात राही, निम्मा दगडावर. शिष्याने काचेच्या पेटीत दोन्हीची सोय केली. तो नेमाने पाणी बदली, किडे पकडून घाली. इथवर सगळे ठीक होते.

एके दिवशी पेटी पुसताना त्याचा हात बेडकाला जोरात लागला. बेडकाने पाठ धनुष्यासारखी वाकवली, पाय असे वर उचलले की खालचा लाल रंग दिसला, पुढचे दोन पंजे डोळ्यांवर घेतले आणि तो तसाच निश्चल राहिला. शिष्य हरखला. मठात सकाळ-संध्याकाळ आसने चालत. त्याला दुसरे काय सुचणार?

"अरे, हा तर धनुरासन घालतो!"

झाले. दर्शनाला येणारी माणसे आधी बेडकाकडे जाऊ लागली. शिष्य काडीने टोची, बेडूक वाके, लोक हात जोडत.

"मागल्या जन्मीचा योगी असणार," एक आजी म्हणाल्या.

"आमच्या ह्यांना नाही हो एवढं जमत," शेजारची बाई म्हणाली आणि तिचे यजमान कसनुसे हसले.

शिष्याची छाती फुगली. बेडूक मात्र खाईना. किडा नाकासमोरून चालत जाई, तरी हा ढिम्म. अंगाची हाडे दिसू लागली. कोणी विचारले तर शिष्य म्हणे, "उपवास धरलाय त्यानं."

एकदा तो व्यापारी बायको-मुलीला घेऊन मठात आला. शिष्याने आपल्या वृद्ध गुरूंनाही आग्रहाने पेटीपाशी आणले. "महाराज, तुम्ही अजून पाहिलंच नाही. आज बघाच."

त्याने काडी उचलली. तोच गुरूंनी हातातली काठी उगारली, ती थेट शिष्याच्या डोक्यावर आणून थांबवली. शिष्य मटकन खाली बसला, दोन्ही हात डोळ्यांवर.

"वा! काय सुंदर आसन घातलं," गुरू व्यापाऱ्याला म्हणाले. "हात जोडा, शेटजी."

कोणी हात जोडले नाहीत. व्यापाऱ्याची मुलगी आईच्या पदराआड गेली.

"महाराज, माझं काय चुकलं?" शिष्याने बोटांच्या फटीतून विचारले. "मी घाबरलो हो."

गुरूंनी काठी खाली घेतली. "तोही घाबरतो. त्याला ना दात, ना नखं. कोणी गिळायला आलं की लाल रंग दाखवून सांगतो, मी विषारी आहे, मला सोड. एवढंच त्या बिचाऱ्याला येतं. तू दिवसभर त्याच्यासमोर मरण उभं केलंस आणि वर नमस्कार घेतलेस. ते नमस्कार त्याला नव्हते, बाबा. तुला होते. म्हणून तुला त्याची हाडं दिसली नाहीत."

शिष्याची मान वर होईना. "आत्ताच तळ्यात सोडून येतो."

"म्हणजे तुझी सुटका. इथल्या तळ्यात त्याचं कोण आहे? आणि त्याचं विष आपल्या माशांनी का सोसावं? ठेवून घेतलास, आता सांभाळ. लोकांना काय सांगायचं, ते मात्र तुझं तू सांग."

हे सर्वांत अवघड होते. दुसऱ्या दिवशी त्याच आजी निम्म्या आळीतली माणसे घेऊन आल्या. शिष्य पेटीवर पंचा टाकून पुढे उभा राहिला.

"ते आसन नव्हतं, आजी. मी टोचायचो, तो भ्यायचा."

"अरे, मग आम्ही हात जोडले ते कशाला?"

शिष्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण आजींनीही नजर वळवली, आणि आलेली मंडळी चपला शोधू लागली. लाज काही एकट्याची नव्हती.

पुढे बरेच दिवस शिष्य किडा ठेवून लांब सरकून बसे. एका सकाळी बेडूक दगडावरून उतरला, किडा गिळला आणि शिष्याच्या देखतच पाण्यात हातपाय पसरून पडला. शिष्य जागचा हलला नाही. कोणाला हाकही मारली नाही.

पाहुण्यांपुढे पोराला उभे करून श्लोक म्हणायला लावता ना, तेव्हा जरा त्याच्या घाबरून आवळलेल्या हातांकडेही बघत जा.