चिंचोक्याची खूण

एकदा एका कौलांच्या कारखान्यात कामगारांनी आपल्याच माणसाविरुद्ध संपाची भाषा सुरू केली. नामाजी हा तिथला जुना तपासनीस. भट्टीतून निघालेलं प्रत्येक कौल तो बोटाच्या पेराने वाजवून पाही. खणखणलं तर पास, बद्द वाजलं तर मागच्या ढिगावर. मजुरी मिळे ती फक्त पास झालेल्या कौलांची. म्हणून थापणारा प्रत्येक जण ओल्या कौलावर आपली खूण उठवी.

आता त्याच कारखान्यात नामाजीची सून हौसा थापायला लागली. तिची खूण चिंचोक्याची. झालं! सासरा तपासणार, सून थापणार, मग आम्हाला न्याय कसला मिळतोय? संघटनेत ठराव आला की एका घरातली दोन माणसं इथे नकोत, हौसाने काम सोडावं. तिच्या नवऱ्याचं काम सुटलेलं, पोरांची शाळा तिच्या कमाईवर चाललेली. पण रागावलेल्या माणसांना एवढं कुठे दिसतं?

संघटनेचा तरुण चिटणीस मात्र बेचैन झाला. ज्या वृद्ध अण्णांनी ही संघटना बांधली, त्यांचाच तो शिष्य. तो त्यांना घेऊन आला. अण्णांनी सर्वांना भट्टीपाशी बसवलं, शिष्याच्या कानात काही सांगितलं आणि नामाजीला म्हणाले, "डोळ्यांवर पंचा बांध."

"अण्णा, ह्या वयात आंधळी कोशिंबीर खेळू व्हय?"

लोक हसले. शिष्य मागून पाटीभर कौलं घेऊन आला आणि एकेक त्याच्यापुढे धरू लागला.

"पास," नामाजी म्हणाला. "हेही पास. वा, काय खणखणतंय! कुणाचा हात आहे हो हा?"

अख्खी पाटी पास झाली.

"सोड आता पंचा," अण्णा म्हणाले.

नामाजीने पाहिलं. प्रत्येक कौलावर चिंचोका होता.

"ही... ही कुठून आणली?"

"मागच्या ढिगावरून," शिष्य हळूच म्हणाला. "तुम्हीच फेकलेली."

"अगं बाई!" सर्वांत मोठ्याने तक्रार करणाऱ्या बाईच्या तोंडून निघालं.

नामाजीने त्यातलं एक कौल उचलून मांडीवर घेतलं. "चिंचोका दिसला की वाटायचं, सगळे माझ्याकडेच बघतायत. मग कान ऐकायचेच न्हाईत. जरा शंका आली की फेकून मोकळा."

"आणि तू गं?" अण्णांनी हौसाला विचारलं. "घरी एका शब्दाने बोलली नाहीस?"

"काय बोलू अण्णा? घरी पहिली गरम भाकरी माझ्या ताटात पडल्याबिगर मामंजी जेवत न्हाईत. त्यांच्याकडं कुणी बोट दाखवू नये, एवढंच मला वाटायचं."

अण्णा शिष्याकडे आणि जमलेल्या कामगारांकडे वळले. "नात्याने माणसाचा न्याय झुकतो, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. तो कुठल्या बाजूला झुकला, ते बघायला मात्र कुणी मागच्या ढिगापर्यंत गेलं नाही. लोकलाजेपायी भला माणूस आपल्याच माणसाला जास्त छळतो. नियम जरूर करा, बाबांनो, पण पोरीला घालवू नका. तिची कौलं दुसऱ्या कुणी वाजवावीत. मग हिला हिच्या कामाचं मोल मिळेल आणि ह्याला सासरा म्हणून सुखाने जगता येईल."

ठराव तिथल्या तिथे बदलला. तक्रार करणाऱ्या त्याच बाईने आधी हात वर केला.

संध्याकाळी नामाजीने मालकाला विचारून ढिगातलं एक कौल घरी आणलं. चुलीवरचं छप्पर गळत होतं, तिथे बसवायला तो शिडीवर चढला. हौसाने खालून शिडी धरली. बसवण्याआधी त्याने कौलावरच्या चिंचोक्यावरून अंगठा फिरवला आणि पेराने कौल वाजवलं.

"पास," तो म्हणाला. मग त्याने ते जागेवर बसवलं.