दुसरं कवाड

“पहिलं कवाड तिला का दिलं, आप्पा?”

आप्पा पांचाळ पान्याला तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सहा वर्षं मी ह्या नक्षीच्या मशीनवर हाय. तेजल आठ महिन्यांमागं आली. अन् देवळाच्या दाराचं पहिलं कवाड तिनं कोरायचं? गावात तोंड कसं दाखवू मी?”

“धुऊन दाखव.”

सुदामनं हातातला फडका टेबलावर आपटला.

उंब्रजच्या त्या कारखान्यात संगणकावर चालणारं एकच नक्षीचं मशीन होतं आणि सुदाम त्यावरचा सगळ्यांत जुना शिष्य. आप्पांचे हात आता थरथरू लागले होते. मशीन पुढे कुणाच्या हाती द्यायचं, ते या दारावर ठरणार होतं. एक कवाड तेजलचं, एक सुदामचं.

तेजलचं सकाळीच कोरून झालं. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली आणि सुदामच्या अंगाचा तिळपापड झाला. कवाड वाईट झालं असतं तर तो तिच्याशी फार गोड बोलला असता.

“लई हळू हाय ती,” तो म्हणाला. “कोरायच्या टूलची उंची लावायला अर्धा तास. लाकडावर कागदाचा कपटा ठेवती, टूल केसाकेसानं खाली आणती, कपटा ओढून बघती. जरासा अडकला की तिथं झिरो. मग दुसऱ्या कोपऱ्यावर परत तेच. चारी कोपरे! नुसती भातुकली.”

“अन् तू?”

“मला कपटा लागत न्हाई.”

“बरं,” आप्पा म्हणाले. “लाव मग.”

सुदामनं आपलं कवाड मशीनवर चढवलं, क्लॅम्प आवळले. तेजल जेवायला गेली होती. तिची वही टेबलावर उघडीच होती आणि टूल लाकडाला टेकतं त्या उंचीचा, तिच्या झिरोचा आकडा त्यात लिहिलेला होता.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

दार एकच, मशीन तेच, टूल तेच. तिच्यापेक्षा केसभरही उथळ कोरलेलं त्याला चालणार नव्हतं. त्यानं तिचाच आकडा मशीनला दिला आणि बटण दाबलं.

टूल गरगरत खाली आलं. चालू लागलं.

सुदाम भिंतीला टेकवलेल्या तिच्या कवाडापुढे जाऊन उभा राहिला. कमळाची एखादी पाकळी कुठं फाटलीय का, कुठं तूस राहिलंय का... तो शोधत होता. सापडत नव्हतं, म्हणून आणखीच जळत होता.

आप्पा मशीनपाशी आले.

“काय कोरतोयस?”

“कमळ.”

“किती झालं?”

“अर्धं झालं आसंल.” नजर अजून भिंतीकडेच.

आप्पांनी लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. आपला थरथरता तळवा त्यांनी सुदामच्या कवाडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि त्याच्यासमोर धरला.

तळवा स्वच्छ होता. भुशाचा एक कण नाही.

सुदाम वाकला. टूल लाकडाला लागलंच नव्हतं. अर्धं कमळ हवेत कोरून झालं होतं.

जुन्या तुळया चिरून काढलेला साग. प्रत्येक फळीची जाडी वेगळी, मागून रंधा मारून नंतर सारखी करायची. त्याचं कवाड तिच्याहून चार मिलिमीटर पातळ होतं आणि नक्षी तीनच मिलिमीटर खोल. नव्या माणसाला हे सांगावं लागतं. सुदामला सहा वर्षांपासून ठाऊक होतं.

त्यानं तेजलची वही मिटली.

“जळतोय मी तिच्यावर, आप्पा,” तो म्हणाला. “जेवण जात न्हाई. तिचाच आकडा घेतला मी. चोरून.”

“बघितलं मी.”

“मग आता? हेबी कवाड तिलाच देणार?”

आप्पांनी खिशातला कागद काढला, त्याचा कपटा फाडला आणि सुदामच्या हातात ठेवला.

“कवाड तुझंच हाय,” ते म्हणाले. “पण सकाळधरनं तू तिच्याच कवाडावर काम करतोयस.”