आपण तिघी

प्रशांत महासागरातल्या लोआतू बेटाच्या भाषेत आपल्या मराठीसारखाच भेद आहे: 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटले की तोही आत. 'आपण दोघी' म्हणायला एक शब्द, 'आपण चौघी' म्हणायला दुसरा. 'आपण तिघीं'ना मात्र शब्दच नाही.

"गोऱ्या साहेबांना हे समजावताना जीव मेटाकुटीला येतो," म्हातारे नावाडी तेवाओ म्हणाले. "तुम्ही मराठी, तुम्हाला तरी कळेल." मग समुद्राकडे पाठ करून त्यांनी कारण सांगितले.

फार पूर्वी मालिरा, तिची धाकटी बहीण सिरूआ आणि जाऊ ओनेमा शेजारच्या बेटावरून कंद घेऊन होडीने परतत होत्या. वाटेत धुके उतरले. त्या काळी धुक्यात समुद्र विचारी म्हणे, "कोण चाललंय?" उत्तर 'आम्ही' असेच द्यायचे, समुद्राला आपल्यात धरायचे नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण त्या दिवशी आवाज आला तो मालिराच्या मेलेल्या आईचा. तिचे भानच हरपले.

"आपण तिघी आहोत, आई," ती बोलून गेली.

ओनेमाने तिच्या तोंडावर हात दाबला, पण सुटलेला शब्द कुठला परत येतो? ऐकणारा मोजणीत आला, आणि मोजणी तर तिघींचीच होती. एकीची जागा गेली.

होडी काठाला लागली तेव्हा तिच्यात तिघीच होत्या. मालिराने उतरायला बहिणीचा हात धरला. हात थंडगार होता, आणि सिरूआ हसली तेव्हा तिच्या तोंडातून समुद्राचे पाणी ओघळले.

मोठ्यांनी ठरवले, जे शब्दातून आत आले ते शब्द टाकल्यावरच जाईल. मालिरा सगळ्यांच्या पाया पडली, "आधी माझी बहीण परत मागा." कुणी ऐकले नाही. भीतीपुढे कुणाचे काय चालते? साऱ्या गावाने तो शब्द टाकला. ते ध्यान गुपचूप उठून पाण्यात चालत गेले. खरी सिरूआ आली नाही.

आजही धुक्यात होडी लोटताना लोआतूची माणसे दातांत पान धरतात, चुकूनही ओ जाऊ नये म्हणून. कारण तेव्हापासून समुद्र आईच्या आवाजात विचारत नाही, असे सांगतात. एक तरुण मुलगी विचारते, "ताई, आपण किती जणी?"

मालिरा म्हातारी होईपर्यंत धुके उतरले की काठावर येऊन ते ऐकत बसे. उत्तर तिला येत होते, पण ते द्यायला शब्द उरला नव्हता.