फेब्रुवारीतला मंगळवार

टोरांटोच्या शिरीष खांबेट्याला विमानाच्या तिकिटांतलं जेवढं कळायचं, तेवढं माणसांतलं कळत नसे. गेल्या डिसेंबरात त्याची आई चिपळूणला वारली, तेव्हा नाताळामुळे भाडं तिप्पट झालं होतं. म्हणून तो आलाच नाही. अग्नी चुलतभावानं दिला. वर्षश्राद्धाला मात्र स्वारी हजर! आणि आल्यासारखं गप्प जेवावं की नाही? तर पंगतीत बसून नातेवाइकांना धडे देऊ लागला.

“तिकीट दोन महिने आधी काढायचं. आयत्या वेळी काढतो तो मूर्ख. श्राद्धाची तिथी आधीच ठाऊक असते, म्हणून या खेपेला मला निम्म्यात पडलं.”

त्याचे पंच्याऐंशी वर्षांचे वडील, अप्पा, वड्याचा तुकडा मोडत म्हणाले, “सगळ्यात स्वस्त कधी असतं रे?”

शिरीष खुलला. “फेब्रुवारीत, अप्पा. त्यातही मंगळवारी.”

“मग येत्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारचं तिकीट आजच काढून ठेव,” अप्पा म्हणाले. “सोमवारी मरायचं तेवढं माझ्याकडे लागलं.”