एका नावाची ढोली

टुक, टुक, टुक. फार पूर्वी नदीकाठच्या रानात हा आवाज आला, की सगळे ओळखायचे, तांबट पक्षी पलीकडे निघाला.

पलीकडच्या उंबराच्या ढोल्यांमध्ये म्हातारी घोरपड साऱ्या रानाच्या वस्तू सांभाळी. तिची बोली एकट्या तांबटाला येई. वस्तू देताना तिला एक नाव सांगायचं. पुन्हा तेच नाव सांगितलं की वस्तू परत मिळे.

आई गेली तेव्हा धाकट्या खारीनं तिच्या शेपटीचे केस ‘आई’ या नावानं ठेवले. थंडीत पिल्लांच्या अंगाखाली घालायला ते तिला हवे होते.

पुढे थोरल्या खारीला आईनं लपवलेला एक चिंचोका सापडला. “हाही आईच्याच नावानं ठेव, तांबटदादा. दोन्ही जवळजवळ राहतील.”

पण एका नावाला एकच ढोली, आणि ढोलीत एकच वस्तू. नवी आली की घोरपड जुनी नदीत सोडून देई. तांबटाला हे ठाऊक होतं. मात्र ऊन चढत होतं, आणि सांगितलेलं पोचवलं की आपलं काम झालं, असं त्याला वाटलं.

थंडी पडली, तशी धाकटी आली. तांबटानं चिंचोका आणून तिच्यापुढे ठेवला आणि घडलं ते सांगितलं.

“तुला माहीत होतं, दादा?”

“होतं गं. थोरलीनं विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही.”

धाकटीनं चिंचोका हुंगला, जपून तोंडात धरला आणि निघून गेली.