गोंदबाची जीप आणि इंदूचा नवरदेव

माळावरच्या एका गावात गोंदबा नावाचा एक भोळा जीपवाला होता. भोळा हे आपलं म्हणायचं. गाव दुसरा शब्द वापरायचं, पण त्याची आई जवळपास असली की भोळाच म्हणायचं.

वडिलांच्या मागं त्याच्याकडे पेट्रोलची एक जुनी जीप राहिली होती. जीप म्हातारी, गोंदबा तरणा. दोघांत मिळून जी काही अक्कल होती ती जीपकडे होती. चालता चालता ती ठसके द्यायची, आणि पेट्रोल तर अशी प्यायची की गावाला वळसा घालून येईस्तोवर काटा खाली.

घरात बहिणीचं, इंदूचं, लग्न ठरलं होतं. नवरदेव येईल तो माझ्याच जीपमधून, असं गोंदबानं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. कुणी विचारलं नव्हतं.

"दादा," इंदू म्हणाली, "त्यांची मावशी लई कडक आहे. मुहूर्त चुकला तर मांडवातनं माघारी फिरू म्हणालीय. आधी गाडी दाखवून आण."

गोंदबा जीप घेऊन बापूलाल मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं प्लग काढून त्याच्या नाकापुढं धरला.

"बघ, काजळी धरलीय. ठिणगी पडणार कुठनं? काळं दिसलं की पॉलिशपेपरनं घासायचं. कळलं?"

"कळलं. काळं दिसलं की घासायचं."

थोडे दिवस जीप बरी चालली, मग पुन्हा ठसकली. गोंदबा खाली उतरला. बॉनेट उघडावं असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण काळं त्याला बाहेरच दिसलं. चारही टायर काळे. तो रस्त्यातच मांडी घालून बसला आणि घासायला लागला. टायरची नक्षी गेली, बोटांची सालं गेली, पण काळं काही जाईना. जितकं घासावं तितकं आतनं काळंच निघत होतं.

शेवटी तो जीप ढकलत मिस्त्रीकडे गेला.

"टायर का घासलेस?"

"काळे होते."

"अरे, टायर काळेच असतात!"

"मग तसं आधी सांगायचं."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला. हाताचं ग्रीस कपाळाला लागलं. गोंदबानं गुमान खिशातनं पॉलिशपेपर काढला.

"तो आत ठेव," मिस्त्री म्हणाला.

मग त्यानं हवेची जाळी उघडून दाखवली. जाळीत माळावरची सगळी धूळ येऊन बसली होती. "हिचा श्वास कोंडलाय. श्वास कोंडला की गाडी ठसकती आणि पेट्रोलही जास्त पिती. झाकण काढायचं, धूळ झटकायची, मोकळी हवा लागू द्यायची. आणि टायर घासायचे नाहीत."

"टायर घासायचे नाहीत. झाकण काढायचं, हवा लागू द्यायची."

पुढच्या खेपेला जीप पेट्रोल प्यायला लागली तेव्हा गोंदबानं टायरांना हात लावला नाही. तेवढं शहाणपण त्याला आलं होतं. त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं आणि घरी कोनाड्यात नेऊन ठेवलं. मग प्रत्येक खड्ड्याला पेट्रोलचा एक घोट रस्त्याला मिळायला लागला. गोंदबा कुठल्या वाटेनं गेला हे लोकांना वासावरनंच कळायचं.

जीप दारात येताच मिस्त्रीनं तोंडातली विडी लांब फेकून दिली.

"टाकीचं झाकण कुठाय?"

"घरी. हवा लागू दिलीय."

"हवा इंजिनाला लागती रे, टाकीला नाही!"

"गाडी एकच आहे ना?"

मिस्त्रीनं पाना उचलला. मग लग्न उद्यावर आलंय हे आठवून त्यानं राग गिळला आणि गोंदबाला कानाला धरून बॉनेटपाशी उभं केलं.

"आता नीट ऐक. आत सिलिंडर चार. चौघं राबतात तेव्हा गाडी पळती. त्यातला एक नुसता बसून खातोय. तो कसा ओळखायचा? इंजिन चालू ठेवायचं आणि एकेकाला काढून बघायचं. काढल्यावर फरक पडला तर तो कामाचा. त्याला परत बसवायचा. काढला तरी काहीच फरक पडत नाही, तो फुकट्या."

मिस्त्रीनं एकेका प्लगची वायर काढून बघितली. तिसरी काढली तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही. वायर आतून तुटलेली होती. त्यानं नवी घातली.

"आणि हा कार्बोरेटरचा स्क्रू. चिमटीत धरून हळूहळू पीळ द्यायचा. गाडी कण्हेल, कुंथेल, पण सोडायचं नाही. आवाज एकसारखा झाला की मगच हात काढायचा. तेव्हा कुठं पेट्रोल बेतानं पिती. कळलं?"

"सगळं कळलं."

मिस्त्रीनं बॉनेट दाबून बंद केलं. "उद्या मी मांडवात येणारच आहे," तो म्हणाला. "तोवर कशालाही हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड ट्रकमधून पुढं गेलं. जीपमध्ये मानाची माणसं बसली. पुढं नवरदेवाचे मामा, मागं मावशी, भटजी आणि मधे नवरदेव जालिंदर. जालिंदर अंगानं काडी आणि बोलायला त्याहून कमी. मुंडावळ्या बांधल्यापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर एक मोठा खड्डा आला. कालची नवी वायर निसटली आणि जीप ठसकली. बॉनेट उघडून वायर अंगठ्यानं दाबली असती तर जीप सुरळीत चालली असती. पण गोंदबाला कालचा धडा तोंडपाठ होता. त्यानं चिंचेच्या झाडाखाली जीप उभी केली, इंजिन चालू ठेवलं, मान वळवून माणसं मोजली. बरोबर चौघं.

"मामा, जरा उतरता का?"

मामा वजनदार. ते उतरले तशी जीपची एक बाजू वर आली.

"फरक पडला. तुम्ही कामाचे. बसा."

"म्हणजे काय रे?"

"मावशी, आता तुम्ही."

मावशी निघाल्यापासून धुळीला, उन्हाला आणि मुलीकडच्यांना नावं ठेवत होत्या. त्या उतरल्या तशी त्यांची कुरकुरही खाली उतरली. जीप एकदम शांत झाली.

"लई फरक पडला. बसा."

भटजी तोंडातल्या तोंडात मंगलाष्टकं घोकत होते. ते उतरले तसा तोही आवाज थांबला. तेही कामाचे निघाले.

मग जालिंदर उतरला. जीप हलली नाही. कसला आवाज थांबला नाही. गोंदबानं कानामागं हात धरून ऐकलं. त्याला परत बसवला, परत उतरवला. काही फरक नाही.

"सापडला," गोंदबा म्हणाला. त्याला बहिणीचं वाईट वाटलं. मग त्यानं गिअर टाकला.

"अरे थांबव!" मावशी किंचाळल्या. "नवरदेव राहिला!"

"राहिला नाही मावशी. काढलाय."

मामांनी स्टिअरिंगला हात घातला, पण पुढं घाटाचा उतार बघून तो त्यांनी आपसूक मागं घेतला. उतारावर जीप ठसक्याशिवाय पळाली. "बघा," गोंदबा म्हणाला, "गेली की नाही खोड?"

मांडवापुढं जीप थांबली. बँड सुरू झाला. गोंदबाची आई ओवाळायचं ताट घेऊन पुढं आली आणि जीपमध्ये वाकून बघायला लागली.

"गोंद्या, जावई कुठायत?"

"चिंचेखाली काढून ठेवलेत. फुकट्या निघाले."

बँड बंद पडला. मावशींनी पदर खोचला. "मुहूर्ताला घटकाभर वेळ उरलाय! नवरदेव नसला तर तुमची अक्षत तुमच्यापाशी, आम्ही चाललो!"

इंदू बाशिंग सावरत उंबऱ्यापर्यंत धावत आली. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत.

"दादा, काय केलंस हे?"

"दोनदा तपासला, इंदू. तो नसला तरी काही फरक पडत नाही."

"मला पडतो!"

गोंदबानं डोकं खाजवलं. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. "फरक पडतो? मग तो कामाचा. परत बसवायला पाहिजे."

तो जीपकडे वळला, पण तोवर बापूलाल मिस्त्री पंगतीतनं उठला होता. त्यानं बॉनेट उघडलं, वायर दाबली, गोंदबाला बखोटीला धरून बाजूला केलं आणि स्वतः जीप घेऊन सुटला. चिंचेखालचा जालिंदर काढून ठेवला होता तसाच उभा होता. मिस्त्रीनं त्याला उचलून आत घातला. अंतरपाट धरायला आणि जीप मांडवात शिरायला एकच गाठ पडली.

अक्षता पडल्या. आईनं डोळे पुसले. मावशीसुद्धा खुर्चीला टेकल्या. मिस्त्री शेवटच्या रांगेत जाऊन बसला आणि त्यानं पहिल्यांदा पाणी मागितलं. आता बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक कानपिळी तेवढी राहिली होती.

"नवरीचा भाऊ कुठाय?" भटजींनी पुकारा केला. "या, नवरदेवाचा कान पिळा. माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून सांगायचं. मग मानाचा फेटा घ्यायचा आणि कान सोडायचा. असा, चिमटीत धरा."

चिमटीत धरायचा म्हटल्यावर गोंदबाचं तोंड उजळलं. हे काम त्याला येत होतं. त्यानं जालिंदरचा कान चिमटीत धरला आणि हळूहळू पीळ दिला.

जालिंदर आधी हसला. मग कण्हला. मग कुंथला. गोंदबानं सोडलं नाही. मामांनी घाईघाईनं त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला.

"झालं, सोडा आता!"

गोंदबा मान तिरकी करून ऐकत होता. दिवसभर मुका असलेला नवरदेव आता मांडव डोक्यावर घेत होता. "आ... आई... अगं आ... आईऽऽ!"

मावशी ओरडल्या, इंदू ओरडली. शेवटच्या रांगेत पाण्याचा तांब्या खाली पडला आणि बापूलाल मिस्त्री माणसं तुडवत पुढं धावला.

"सोड! अरे गाढवा, सोड त्याला!"

"थांबा की मिस्त्री," गोंदबा म्हणाला आणि त्यानं आणखी एक पीळ दिला. "अजून ठसकतोय."